विटेवरचे यरुशलेम

शास्त्रभाग : यहेज्केल ४:१-३, यहेज्केल ३३:३०-३३, लूक १०:२५-३७



परमेश्वराने यहेज्केल संदेष्ट्यास पाचारण केल्यावर जी कामे नेमून दिली, त्यांतील एक अगदी आरंभीचे काम असे आहे की, ते वाचून गंभीर वृत्तीच्या मनुष्यास किंचित संकोचच वाटावा. त्याने एक वीट घ्यावी, तिजवर यरुशलेम नगराचे चित्र काढावे, भोवती मोर्चे बांधावेत, छावण्या मांडाव्यात, तट फोडण्याची यंत्रे लावावीत, आणि लोखंडाचा एक तवा घेऊन तो आपल्या व त्या नगराच्या मध्ये भिंतीसारखा उभा करावा. आमच्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. त्याहून हे वरवर पाहता फारसे निराळे नाही. आणि हा किल्ला मांडणारा कोणी पोर नव्हता. याजककुळात जन्मलेला, नियमशास्त्रात वाढलेला तो प्रौढ पुरुष होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दारात उभे राहून पाहावे, बायकांनी तोंडाला पदर लावावा, आणि बूजीच्या मुलास वेड तर लागले नाही ना, असे कोणी कुजबुजावे, ह्यात नवल ते काय? तरी आज्ञा देवाचीच होती, आणि इस्राएलाच्या घराण्यास हे एक चिन्ह होईल, असे त्याच ठिकाणी सांगितले आहे.

ख्रिस्तपूर्व ५९७ साली बाबेलच्या राजाने यहोयाखीन राजास, आणि त्याजबरोबर सरदार, कारागीर व याजक अशा पुष्कळ लोकांस धरून नेले. त्यांत यहेज्केल होता. खबार नदीच्या काठी तेल-अबीब म्हणून वस्ती होती, तेथे हे बंदिवान राहत. त्यांची अशी समजूत होती की, यरुशलेमास काही होणे शक्य नाही. तेथे परमेश्वराचे मंदिर आहे. थोडे दिवस कळ काढली म्हणजे आपण घरी परत जाऊ. असे गोड बोलणारे संदेष्टेही त्यांस पुष्कळ मिळाले होते. अशा लोकांना उपदेश करून काय उपयोग? त्यांचे कान गोड शब्दांनी भरलेले होते. म्हणून देवाने त्यांच्या डोळ्यांशी बोलण्याचे ठरविले. बाबेलचा मुलूख गाळाच्या मातीचा. तेथे दगड दुर्मिळ, माती मुबलक. घरे विटांची, आणि लिहिणेही मऊ मातीच्या पाट्यांवर. तेथील लोक नगरांचे आराखडेसुद्धा मातीवर काढीत, आणि तसे नमुने उत्खननात सापडले आहेत. तेव्हा देवाने आपल्या सेवकास दुरून काही आणावयास सांगितले नाही. जे पायाशी पडले होते तेच हाती घ्यावयास सांगितले : एक वीट, आणि घरातला एक तवा.

वीट म्हटली की मराठी कानास पंढरी आठवते, हे आम्ही जाणून आहो. पण ह्या विटेवर कोणी देव उभा नाही. ह्या विटेवर देवाच्या लोकांचे स्वतःचे नगर आहे, आणि त्याला वेढा पडला आहे. एवढी गोष्ट ध्यानात धरून पुढे वाचावे.

ह्या वचनाकडे आमचे लक्ष ह्या उन्हाळ्यात वळले, त्याचे कारण आमच्या मंडळीचा तरुण संघ. शाळा-कॉलेजे बंद झाल्यावर मे महिन्यात ह्या मुलामुलींनी बाहुल्यांच्या खेळाचा एक मेळा काढला, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील) नेवासे, शेवगाव व राहुरी ह्या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन तेथील लहान लहान मंडळ्यांत सुवार्तेच्या गोष्टी दाखविल्या. आम्ही काही ठिकाणी त्यांजबरोबर होतो. साहित्य म्हणावे तर जुने पायमोजे, कापसाचे गोळे, सदऱ्यांची बटणे, आणि जुन्या ज्ञानोदयाच्या व वर्तमानपत्रांच्या रद्दीचा लगदा, ज्यात कसर लागू नये म्हणून मेथीची पूड कालविली होती. डोके त्या लगद्याचे, अंगरखा फाटक्या लुगड्याचा. तर्जनी डोक्यात घालावयाची, अंगठा व मधले बोट हे दोन हात. रंगमंच म्हणजे दोन बांबूंना बांधलेली चादर. एका वस्तीवर बांबू मिळाले नाहीत, तर उपदेशकांच्या घरची बाज उभी करून तिजवर गोधडी टाकली, आणि काम भागले. दिवसा ऊन इतके की झाडाखालीसुद्धा बसवत नव्हते. म्हणून दिवेलागणीनंतर, विहिरीवरचे पाणी भरून झाल्यावर, गुरे बांधून झाल्यावर खेळ. कारखान्यांचे हंगाम संपून ऊसतोडीची माणसे घरी परतलेली होती, ती पोराबाळांसह येऊन बसत.

आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले. आता बहुतेक घरांत मोबाइल आहे, आणि लहान मुलाच्या तळहातावर साऱ्या जगाची हलती चित्रे येतात. तरीही ह्या ओबडधोबड चिंधीच्या बाहुलीने मान वळवून पहिल्या रांगेतील पोराकडे पाहिले की, ते पोर दचकून आईच्या कुशीत शिरे, आणि लगेच हसत पुन्हा पुढे सरके. मोबाइलमधील चित्र त्याला पाहत नाही. ही बाहुली पाहते. ज्याला कोणी पाहत नाही, नाव घेऊन हाक मारीत नाही, अशी माणसे आमच्या वस्त्यांवर थोडीथोडकी नाहीत.

पडद्यामागचे काम फार कष्टाचे आहे, हे समोर बसलेल्यांस कळत नाही. हात डोक्याच्या वर धरून पाव तास उभे राहावे लागते. दहा मिनिटांत खांदे भरून येतात, बोटे थरथरू लागतात, आणि बाहुली हळूहळू खाली बुडू लागते. तेव्हा मेळ्यातील दुसरा कोणी मागे उभा राहून कोपरास आधार देई. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी सूर्य मावळेपर्यंत ते धरून ठेविले, ही गोष्ट आम्ही अनेकदा शिकविली आहे. पण ह्या मुलांस ती आमच्या शिकविण्यापेक्षा अधिक चांगली कळली असावी.

आता ह्या मेळ्याविरुद्ध ज्या तक्रारी आल्या त्यांचा विचार केला पाहिजे. तक्रार करणारे सामान्य लोक नव्हते. मंडळीचे आधारस्तंभ म्हणावेत अशी वृद्ध माणसे होती. एका वडिलांनी आम्हांस बाजूस बोलावून म्हटले, "पाळकसाहेब, आमच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी घरातले देवाचे टाक विहिरीत टाकले. भावकीनं वाळीत टाकलं, पाणी बंद केलं, तरी त्यानं ते परत आणले नाहीत. आता आमचीच नातवंडं हातात बाहुल्या घेऊन देवाच्या मंदिरात उभी राहतात, हे त्यानं पाहिलं असतं तर?" हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. ज्यांनी मूर्तीसाठी किंमत मोजलेली नाही, त्यांनी ह्या म्हाताऱ्यास जुन्या वळणाचा म्हणून हसू नये. त्यांच्या घराण्याने दुसऱ्या आज्ञेची किंमत रोख मोजली आहे.

शास्त्र काय सांगते? कोरीव मूर्ती करून तिला नमू नको, तिची सेवा करू नको, असे निर्गम २० मध्ये आहे. आणि त्याच पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवावयास सांगितले आहे. तेव्हा हातांनी घडविलेली प्रत्येक आकृती मूर्ती होत नाही. परंतु ह्याहून बोधक अशी एक गोष्ट आहे, ती पितळेच्या सर्पाची. देवाच्याच आज्ञेने मोशेने तो केला, आणि सर्पदंश झालेल्यांनी त्याकडे पाहून जीव वाचविला, हे गणना २१ मध्ये आहे. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. हे २ राजे १८:४ येथे पाहावे. मोशे करणारा, हिज्कीया फोडणारा, आणि दोघेही देवास मानवले! वस्तू तीच होती. तिच्यापुढे माणसांचे हात कसे जोडले जातात, ह्यावर सारे अवलंबून होते. म्हणून आम्ही त्या वडिलांस वचन दिले की, ज्या दिवशी आमच्या मंडळीतील एखादी म्हातारी ह्या बाहुलीस नमस्कार करील, अथवा एखादी आई आजारी लेकरास तिचा स्पर्श करावयास आणील, त्या दिवशी ती बाहुली चुलीत जाईल, आणि ती आम्ही आपल्या हाताने घालू.

ह्याच कारणास्तव आम्ही मेळ्यास एक नियम घातला, तो इतर मंडळ्यांनीही पाळावा असे आमचे मत आहे. प्रभू येशूची बाहुली करू नये. जक्कय चालेल, उधळ्या पुत्र चालेल, हरवलेले मेंढरू तर फारच शोभते. परंतु प्रभूस पायमोज्याचा व रद्दीचा करून बोटावर नाचवू नये. मुलांनी विचारले, मग प्रभूचे बोलणे कसे दाखवावयाचे? आम्ही सांगितले, दाखवूच नये, ऐकवावे. त्यांच्यातील एक मुलगी पडद्याच्या बाहेर, कंदिलाजवळ, सर्वांस दिसेल अशी शास्त्र उघडून बसे, आणि प्रभूचे शब्द आले की ती ते पुस्तकातून वाची. बाकी सारी पात्रे पडद्यावरून वाकून तिजकडे पाहत. ही तोड मुलांनीच काढली. आम्हांस ती अतिशय आवडली, आणि त्या वडिलांचे अर्धे समाधान तेथेच झाले.

दुसरी तक्रार अशी की, हा तमाशा आहे. लोक हसतात, टाळ्या पिटतात, उपासनेचे गांभीर्य जाते. ही तक्रारही पोकळ नाही. आमच्या लोकांच्या पूर्वजांत ढोलकी, तुणतुणे, डफ व हलगी वाजविणारे, गोंधळ घालणारे, फडावर नाचणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांची कला थोर होती, पण तिला गुलामगिरीची दोरी बांधलेली होती. दुसऱ्याच्या दारात रात्रभर वाजवावे, सकाळी शिळे तुकडे पदरात घ्यावेत, आणि देवळाच्या पायरीखाली उभे राहावे. त्या दिवसांची ज्यांस आठवण आहे, अथवा आजीच्या तोंडून ज्यांनी ती ऐकली आहे, त्यांस आपली नातवंडे पुन्हा लोकांस हसविताना पाहून वाईट वाटणे साहजिक आहे.

तथापि कला सोडून देणे हा एक मार्ग आणि तिची दोरी सोडविणे हा दुसरा. ख्रिस्ती कीर्तन आमच्या अहमदनगरच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी उभे केले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांच्या हातून भजन व कीर्तन आमच्या उपासनेचा भागच होऊन गेले. आज टाळमृदंगाविना उपासना आमच्या खेड्यांत रुक्ष वाटते. बाहुल्यांचेही तसेच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळाजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी ह्या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. कळसूत्रीची बाहुली वरून दोऱ्यांनी हालते, छायाबाहुली दिव्यासमोर धरावयाची, आणि चित्रकथीत एकेक चित्र पुढे करून कथा गावयाची. तेथील परशुराम गंगावणे ह्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात ह्या कलेचे संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. ते रामायण-महाभारताच्या कथा सांगतात. आमची कथा निराळी. पण जे त्यांनी उपेक्षेच्या काळातही टाकून दिले नाही, त्या निष्ठेचे कौतुक करावयास आम्हांस काहीच हरकत दिसत नाही. आमच्यातही हे साधन अगदी नवे नाही. मेथडिस्ट बिशप फिशर ह्यांच्या विधवा पत्नी वेल्दी फिशर ह्यांनी १९५३ साली अलाहाबादेस साक्षरतेची जी संस्था काढली व पुढे लखनौस नेली, तिने खेड्यांतील प्रौढांस अक्षरओळखीची गोडी लावण्यासाठी बाहुल्यांचा खेळ वापरला होता. गांभीर्याविषयी म्हणाल तर, ज्या घरी आज हसणे झाले त्या घरी उद्या उपदेशकास बसावयास घोंगडी मिळते, हा अनुभव आहे.

परंतु ह्या दोन्ही तक्रारींहून मोठी अशी एक अडचण मेळ्याच्या आत उत्पन्न झाली, आणि खरे पाहता तीविषयीच आम्हांस हे लिहावयाचे आहे. चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दाखला बसवावयाचा होता. जखमी मनुष्य, लुटारू, याजक, लेवी, शोमरोनी आणि उतारशाळेचा रक्षक, इतकी पात्रे. अंगरखे शिवताना प्रश्न आला की, याजकास व लेव्यास कसा पोशाख द्यावा? एका तरुणाने चटकन सांगितले की, एकास शेंडी व उपरणे द्यावे, दुसऱ्यास गावच्या पाटलाचा फेटा, आणि जखमी मनुष्य आपल्या वस्तीवरचा करावा. सारे हसले. त्याच्या मनात द्वेष होता असे आम्हांस वाटत नाही. जे त्याच्या आजोबांनी भोगले ते त्याच्या हाताला आपोआप सुचले. आणि त्यात असत्य तरी काय होते? आमच्या माणसांस रस्त्याच्या कडेला पडलेले पाहून दुसऱ्या बाजूने गेलेले फेटे व उपरणी आम्हांसही ठाऊक आहेत.

तरी आम्ही ते होऊ दिले नाही, आणि त्याचे कारण ती वीट. यहेज्केल बाबेलात राहत होता. समोर बाबेलचे गगनचुंबी तट होते, जुलमी राजा होता, मूर्ती होत्या. विटेवर बाबेल काढून त्याला वेढा घातला असता, तर बंदिवानांनी त्यास खांद्यावर घेऊन मिरविले असते. देवाने सांगितले, यरुशलेम काढ. आपले नगर काढ. ज्या नगराविषयी तुझ्या लोकांस वाटते की ह्याला काही होणे नाही, त्यालाच वेढा घाल. बाबेलचा न्याय देव करणार होता आणि त्याने तो केला. पण त्या दिवशी, त्या लोकांपुढे, त्या विटेवर बाबेलचे नाव नव्हते.

आणि प्रभूचा दाखलाही तसाच आहे. ऐकणारा यहूदी शास्त्री. आणि चुकवून गेलेले दोघे त्याच्याच मंदिरातील सेवक. रोमी शिपाई चुकवून गेला असे प्रभूने सांगितले असते, तर त्या शास्त्र्यास किती बरे वाटले असते! म्हणून आम्ही मुलांस म्हटले, याजकास पांढरा झगा घाला, जसा आम्ही उपासनेच्या वेळी घालतो. गळ्यात पट्टी द्या, काखेत शास्त्र द्या. लेव्यास मंडळीच्या वडिलांसारखा कोट द्या, आणि हातात वर्गणीची वही. शोमरोनी मात्र असा करा की, ज्याच्या हातचे पाणी पिताना आपल्याच लोकांस आठ्या पडतात. मुले गप्प झाली. कारण असा मनुष्य कोण, हे त्यांस चांगले ठाऊक होते. आमच्या मंडळ्यांतही अमुक पूर्वी ह्या जातीचे व तमुक त्या जातीचे, असे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाले नाहीत. ते पोहून पलीकडे निघाले. अमक्यांशी सोयरीक नाही, तमक्यांच्या वस्तीवरच्या मंडळीस आमच्या मंडळीचे भांडे जात नाही. जे गावाने आम्हांस केले, तेच आम्ही आमच्याहून दुबळ्यांस करतो, आणि प्रभुभोजनाचा प्याला मात्र एकच म्हणतो.

पहिल्या रात्री पांढऱ्या झग्याची बाहुली पडद्यावर आली, तेव्हा लोकांनी आधी आम्हांकडे पाहिले, मग हसू दाबले, आणि शेवटी न राहवून मोठ्याने हसले. झगेवाल्याने पडलेल्या मनुष्यास पाहिले, घड्याळ पाहिले, सभेस उशीर होतो असे काही पुटपुटला, आणि चालता झाला. कोटवाल्याने वही उघडून पाहिले की, ह्या मनुष्याची वर्गणी भरलेली आहे की नाही. हसू वाढतच होते. मग शोमरोनी आला, आणि तो कोण आहे हे त्याच्या पोशाखावरून लोकांनी ओळखताच ते हसू एकदम थांबले. नाथानाने दावीद राजास गरिबाच्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजाचा संताप दुसऱ्या कोणावर तरी भडकला होता. आणि मग संदेष्ट्याचे बोट त्याजकडे वळले. त्या वस्तीवर बोट दाखविणारा कोणी मनुष्य नव्हता. चिंधीचे एक बोट होते, आणि ते बेशुद्ध मनुष्याच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरीत होते.

त्या रात्री गावातील काही लोक, जे ख्रिस्ती नाहीत, वस्तीच्या कडेला उभे राहून पाहत होते. त्यांच्यापैकी एकाने जाताना उपदेशकांस म्हटले की, तुम्ही आपल्याच साहेबाची अशी थट्टा करता, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिले. आमची खात्री आहे की, त्यांचा फेटा पडद्यावर दिसला असता तर ते पुन्हा आले नसते; आणि त्यांत एखादा खरा शोमरोनी असेल, तो आम्ही कायमचा गमावला असता.

नेवासे तालुक्यातील एका वस्तीवर खेळ आटोपल्यावर एका वृद्ध वारकऱ्याने आमच्याशी प्रेमाने संभाषण केले. ते म्हणाले, "सगळे आपण बाहुलीच की हो. सूत्र त्याच्या हाती." ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या मातीतले ते बोल होते, आणि ज्ञानदेवांनीही स्वतःस गुरूने सूत्राने चालविलेल्या बाहुलीची उपमा दिलेली आहे. त्यातील नम्रता आम्हांस पूज्य वाटते. आमच्या लोकांतही, देवाची इच्छा, आपण काय करणार, असे म्हणण्याची सवय आहे. कर्ज झाले, देवाची इच्छा. पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी केले, देवाची इच्छा! परंतु यहेज्केलाच्या दुसऱ्या अध्यायात देव त्यास पहिली गोष्ट जी सांगतो ती ही की, आपल्या पायांवर उभा राहा, म्हणजे मी तुझ्याशी बोलेन. बाहुलीस असे कोणी सांगत नाही. तिला पायच नसतात; अंगरख्याखाली फक्त दुसऱ्याचे मनगट असते. आणि तिसऱ्या अध्यायात देव त्यास पहारेकरी नेमून म्हणतो की, तू इशारा दिला नाहीस तर त्या मनुष्याच्या रक्ताचा जाब तुला विचारीन. जाब बाहुलीस विचारीत नाहीत. झगेवाला दुसऱ्या बाजूने गेला तो कोणी दोरी ओढली म्हणून गेला नाही. त्याला पाय होते, आणि ते त्याने वळविले. हे आम्ही त्या वृद्धांस सांगितले. त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि मग म्हणाले की, हे तर जड झाले. आम्हांसही तसेच वाटते.

आता उपदेशक बंधूंस थोडे सांगावयाचे आहे. यहेज्केलाच्या ३३ व्या अध्यायाच्या अखेरीस एक दुःखाची हकीकत आहे. लोक दारात, भिंतीपाशी उभे राहून एकमेकांस म्हणत की, चला, संदेष्ट्याचे ऐकू या. ते येत, समोर बसत, आणि ऐकत. पण गोड गळ्याच्या गवयाचे गाणे ऐकावे तसे. ऐकून घरी जात, आणि करीत काहीच नसत. ज्या संदेष्ट्याने विटेचा किल्ला मांडला, त्याचा शेवटी असा गवई झाला. मेळ्याचेही असे होणे अगदी सोपे आहे. पुढच्या वर्षी लोक विचारतील, बाहुल्या कधी येणार? आणि तेवढ्यावर सारे थांबेल. मुले एका रात्रीची पाहुणी, सकाळची एस.टी. धरून ती पुढच्या गावी जातात. ज्या दोन घरांचे पाणी एकमेकांस चालत नाही, ती दोन घरे तेथेच राहतात, आणि तुम्हीही तेथेच राहता. म्हणून ज्या ज्या गावी खेळ झाला, तेथील उपदेशकांनी त्या आठवड्यात लूकाचा दहावा अध्याय घरोघर वाचावा. मंदिरात वाचून भागणार नाही. ज्याच्या घरी वाचाल त्याच्या घरचे पाणी मागून प्यावे, आणि शक्य असेल तेथे शेजारच्या त्या दुसऱ्या घरातील कोणास बरोबर घेऊन जावे. ह्यावरून बोलणी ऐकावी लागतील. एका उपदेशकांस ती लागलीच ऐकावी लागली. त्यांच्या मंडळीतील दोन कुटुंबे पुढच्या रविवारी उपासनेस आली नाहीत. ती अजून आलेली नाहीत, आणि उपदेशक अजून दर बुधवारी त्यांच्या दाराशी जातात.

मेळ्यातील मुलांनी परतताना एक चांगले काम केले. दाखल्यातील दोन बाहुल्या, जखमी मनुष्य आणि उतारशाळेचा रक्षक, त्यांनी प्रत्येक ठिकाणी नव्या शिवून उपदेशकांपाशी ठेविल्या; झगेवाला, कोटवाला व शोमरोनी मात्र आपल्याबरोबर पुढे नेले. कारण एका वस्तीवर सात-आठ वर्षांच्या एका मुलीने पडद्यामागे येऊन विचारले होते, "मग तो माणूस बरा झाला का?" कोणास उत्तर देता आले नाही. लूकाने ते लिहिलेले नाही. शोमरोनी एक रात्र राहिला, सकाळी त्याने रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेविले, ह्याची काळजी घे, अधिक खर्च लागला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगून तो आपल्या वाटेने गेला. तो मनुष्य तापाने फणफणत किती रात्री जागला, त्याच्या जखमांवर तेल कोणी घातले, दोन दीनार कधी संपले, हे त्या रक्षकासच ठाऊक. आता पाऊस पडू लागला आहे, वस्त्यांकडील वाटा चिखलाने भरल्या आहेत, आणि मेळ्याची मुले आपापल्या शाळांत गेली आहेत. ती मुलगी उपदेशकांच्या घरासमोरच राहते, आणि रोज येऊन विचारते, असे त्यांनी आम्हांस कळविले आहे.